शेवटच्या गाडीवरची मांजर

त्याला काही विचारलं की तो आधी मांजरीकडे बघायचा. मांजर तुमच्याकडे बघायची. मग तो तुमच्याकडे वळून म्हणायचा, "बोला दिवाणजी, काय म्हनता?" तुम्ही तेच पुन्हा बोलायचं, त्यानं तुमच्या तोंडाकडे टक लावायची आणि शेवटी हसून सांगायचं, "बाय हाय म्हनते, म्हंजे हाय."

बाय म्हणजे ती मांजर. करडी, किडकिडीत, एक कान फाटलेली.

तीस-बत्तीस सालची गोष्ट. मी महाडच्या पेठेत एका वखारीत दिवाणजी होतो. आमचं मीठ आणि सुकी मासळी बैलगाड्यांवरून वरंध्याच्या घाटानं भोरकडे जाई, आणि तो त्या गाडीवानांपैकी एक. मूळचा वरंधच्या खालच्या वाडीतला. वीस वर्षं मुंबईला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढून परत आलेला. बायको वारली होती, जमीन भावांकडे. एक गाडी, दोन बैल आणि ही मांजर, एवढाच त्याचा संसार.

संशय हा माझा स्वभावच. आता तुम्हीच सांगा, सुकटीची पोती न्यायची आणि राखायला मांजर बसवायची, हे कुणाच्या डोक्यात शिरेल? मी त्याची पोती दोनदा तोलून घेत असे. वजन कधी कमी भरलं नाही. त्यामुळे माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला.

वास्तविक मांजर त्याला मीच दिली होती. वखारीत मिठाच्या ढिगामागे पिल्लू ओरडत होतं. "घेऊन जा ही ब्याद," असं मी म्हटलं आणि त्यानं ती बंडीच्या खिशात घातली. पुढे त्यानं तिला माणसांत आणायचा सपाटाच लावला. आधी टोपलीत घालून, वर पंचा टाकून बाजारात. मग टोपली गेली, कमरेला सुंभाची दोरी आली. शेवटी दोरीही गेली आणि बाई खांद्यावर बसून लग्नकार्यांना जाऊ लागल्या. लग्नात बायका ओरडायच्या, "अरे, मांजार भाईर ठेव रे!" तो मांडवाबाहेर आचाऱ्यांजवळ बसून जेवायचा, पण मांजर सोडायचा नाही. कीर्तनात बुवा डावीकडून उजवीकडे गेले की मांजरीची मान वळे, आणि तिच्यामागून त्याची. बुवा एकदा चिडून म्हणाले, "माझ्या कथेला दोघंच मन लावून बसलेत, आणि त्यातलं एक मांजर!"

गाडीवानांना मात्र हसू येत नव्हतं. मांजर आडवी गेली की ते बैल थांबवत, सात पावलं मागे येत, मगच पुढे जात. आता आपल्याच रांगेत मांजर! वखारीच्या आवारात एका पहाटे त्यांनी बैठक घातली. "उद्या आमचा बैल दरीत गेला तर कोन भरून देनार?" एकानं विचारलं. शेवटी तोड निघाली. यानं सगळ्यांच्या मागे चालायचं. मागची मांजर आडवी कशी जाईल?

आता घाटात शेवटच्या गाडीला एक काम असे. तेव्हा सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या होत्या. मागून भोंगा वाजला की शेवटच्या गाडीवानानं आपली गाडी डोंगराच्या अंगाला घ्यायची आणि पुढच्यांना ओरडून सांगायचं. त्यानं मांजरीकडे पाहिलं, मग बोलणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि तो कबूल झाला. वर्षभर त्याची आरोळी एकदाही चुकली नाही.

मग मी त्याला मोटारींच्या अड्ड्यावर पाहिलं. ड्रायव्हर भोंगा दाबत होता. मांजर दचकून वळली की हा तिला बोंबलाचा तुकडा द्यायचा. पुन्हा भोंगा, पुन्हा तुकडा. दहा-बारा वेळा तरी.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मोटारवाले तेव्हा बैलगाड्यांचा माल आपल्याकडे ओढायला टपलेले. हा त्यांना आतून सामील, आमच्या वखारीचा माल कधी निघतो ते सांगणारा, आणि मांजर ही त्याच्या गाडीची खूण. एका खेपेला खूणच काढून घ्यायची आणि काय होतं ते बघायचं, असं मी ठरवलं. शेटनाही सांगितलं नाही. इतका मी हुशार.

गाड्या निघायच्या सकाळी तो बैल जुंपत असताना मी मांजर उचलली आणि सुकटीच्या खोलीत कोंडली. तो शोधू लागला. "बाय! गो बाय!" आवारभर फिरला. मांजर आतून दारावर नखं मारत अशी काही केकाटत होती की हमालांनी हातातली पोती खाली ठेवली. आणि हा त्याच दारापासून दोन हातांवर, दाराकडे पाठ करून उभा. तिला हाका मारत.

तेव्हा मला कळायला हवं होतं. मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे!

"नदीकडे गेली असेल," मी त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं. "तुम्ही निघा, गाड्या खोळंबल्यात." तो निघाला. वळणापर्यंत मागे बघत होता.

संध्याकाळी बातमी आली. वरंधच्या वर मोटार मागून आली. भोंगा वाजत राहिला, शेवटची गाडी हलली नाही, आरोळीही आली नाही. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून माणूस वाचला. गाडी उलटून मोडली, एका बैलाचा पाय मोडला. बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या. मग कुणीतरी त्याच्या पाठीमागे जाऊन त्याच्या नावानं ओरडून पाहिलं, आणि सगळ्यांना कळलं. साच्यांच्या खडखडाटानं त्याचे दोन्ही कान कधीच गेले होते.

बहिऱ्याच्या गाडीवर माल कोण लादणार? शेट म्हणाले, त्याला नाही म्हणून सांगा. ते सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

तिसऱ्या दिवशी तो आला, कपाळाला फडकं बांधून. मी सांगितलं. त्यानं माझ्या तोंडावरून ते वाचलं.

"आदी सांगितला असता, तर तुमी माल दिला असता?" त्यानं विचारलं.

"नसता," मी म्हटलं. निदान तेवढं खरं बोललो.

मांजर पायरीवर बसली होती. तो गाडीसह निघाल्याबरोबर मी तिला सोडली होती, तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती. त्यानं तिला पाहिलं, आणि जवळ न जाता नुसताच उभा राहिला. मला ते सहन होईना. मी त्याच्यासमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मी कोंडली होती तिला. त्या सकाळी. मी."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. आता हा मला मारणार, असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"कोंडली व्हती?" तो म्हणाला. "म्हंजे बाय मला टाकून गेली नव्हती?"

मी मान हलवून 'नाही' म्हटलं.

"तीन दीस मला त्योच घोर लागला व्हता," तो म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. गाडी गेली होती, बैल गेला होता, पोट गेलं होतं, आणि तो माणूस माझ्याकडे बघून हसत होता. "बरा झाला सांगितलात, दिवाणजी."

त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. कुडपणला बहीण होती, तिच्याकडे जातो म्हणाला. भर दुपारी पोलादपूरच्या रस्त्याला तो चालत निघाला, अगदी कडेकडेनं, डोंगराच्या अंगानं.