तीन दिवसांचं पथ्य

आमच्या प्रयोगशाळेत मेंदू वाढवतात, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईने हातातलं ताट खाली ठेवलं. खरं तर ते अख्खे मेंदू नव्हेत. माणसाच्या पेशींपासून वाढवलेले, मेंदूच्या ऊतींचे दाणे, भिजलेल्या साबुदाण्याएवढे. निम्मे बेताच्या साखरेच्या द्रवात, निम्मे जास्त साखरेच्या. मधुमेहात मेंदूचं काय होतं ते त्यातून थोडंफार कळतं. द्रव बदलायला मी रविवारीसुद्धा कोपरखैरण्याहून महाप्याला जायचे.

आईला मधुमेह होऊन बारा वर्षं झाली होती, पण पहिला सोडला तर रिपोर्ट दर वेळी चांगला. तपासणीआधी तीन दिवस कारल्याची भाजी, बिनसाखरेचा चहा, सोसायटीला चार फेऱ्या. रक्त दिलं की येताना जिलेबी. मला हे दिसत होतं आणि मी ते हसण्यावारी नेत होते. आज त्याची लाज वाटते.

मग ती विसरायला लागली. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, एकदा शेजारणीचं नाव आठवेना. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. या वेळी डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली. तिथे तीन दिवसांचं पथ्य चालत नाही. आकडा बघितला आणि घरी येऊन मी आईला नको नको ते बोलले.

"डॉक्टरांना फसवून काय मिळालं तुला?"

पदराला हात पुसत ती म्हणाली, "डॉक्टरला कशाला फसवू? पयला रिपोर्ट वाईट आला तवा तू आठ दिस माझ्याशी बोलली न्हाईस."

मी ते पार विसरले होते. ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जास्त साखरेतला एक दाणा खुरटलेला दिसला. मी वहीत तसं लिहिलं आणि द्रव बदलला. या दाण्यांवर मी कधी रागावले नव्हते. दिसेल ते लिहायचं आणि पुन्हा काळजी घ्यायची, हेच तर माझं काम होतं.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी आई चहा करत होती. "साखर किती घालू?" तिने विचारलं.

"रोज घालतेस तेवढी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग डबा उघडून माझ्यासमोर आपल्या कपात दोन चमचे घातले. उद्यापासून एकच घालू, दोघीही, असं मी म्हटलं आणि तिच्याशी बोलत राहिले.