पैलवानमामांचा डावा कान

पैलवानमामांचे कान चाचपल्याशिवाय त्यांची ओळख पूर्ण होत नसे. तरुणपणी तालमीत घासून घासून दोन्ही मोडले होते. उजवा निदान कानासारखा दिसे. डावा म्हणजे आवळलेली मूठ. "कान मोडल्याबिगर पैलवान कसला?" असं म्हणत ते समोरच्याचा हात धरून कानावर ठेवत. आमच्या घराण्यातले सगळे जावई या परीक्षेतून गेले आहेत.

कुस्ती सुटली, पण मैदान सुटलं नाही. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत ते मोबाइलवर गावोगावच्या कुस्त्या लावत, त्याही पूर्ण आवाजात. बघत नसत, डोळे मिटून मैदानात वाजणारी हलगी ऐकत. "ठेका बदलला की समजायचं, कोणतरी खाली आलं."

मामींना अर्धशिशी. एका दुपारी त्यांनी पिशवी भरली. "या घरात एक तर हलगी ऱ्हाईल न्हाय तर मी. मी चालले शिरोळला, भावाकडं." मैदानात कुणालाही न घाबरलेल्या मामांनी मला फोन केला, "भाच्या, ते कानात घालायचं कायतरी घिऊन दे बाबा. तुझी मामी ऐकंना."

घरात अशा वस्तूंतला जाणकार म्हणून माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली होती.

मामांना घेऊन इम्तियाजभाईंच्या मोबाइलच्या दुकानात गेलो आणि स्वस्तातल्या इअरबड्सपैकी काळा, चकचकीत, लांब दांड्यांचा जोड निवडला. दिसायला झकास, शिवाय बेस दणदणीत. मामांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "ही हलगी न्हवं मर्दा. गोधडी झोडपल्यागत वाजतंय." खरंच होतं ते. त्या फुगवलेल्या दणदणाटात हलगीची कडकड पार बुडून गेली होती आणि मी मघापासून त्याच दणदणाटाचं कौतुक सांगत होतो.

दुसरा जोड कानामागे अडकवायचा, हूकवाला. बसला घट्ट, ओझंही नाही. पण निवेदक विहिरीत उतरून बोलल्यासारखा.

तिसरा पांढरा, बुटका, दिसायला अगदीच साधा. तो लावला आणि मामांचे डोळे आपोआप मिटले. "हे! हे हाय बघ मैदान!" एवढं म्हणेपर्यंत डावं बोंडूक टपकन काउंटरवर पडलं. इम्तियाजभाईंनी लहान-मोठी सगळी रबरं लावून बघितली. प्रत्येक वेळी पडलं.

"पैलवान, त्या कानात जागाच न्हाय की. हूकवाला घ्या, आरामात बसतोय."

"आराम कराय ऐकतोय व्हय मी?"

"मग हेच घ्या आणि एकाच कानानं ऐका," मी तोडगा काढला.

"अर्ध्या मैदानात बसू व्हय रं?" मामांनी बोंडूक उचललं, डाव्या कानावर बोटानं दाबून धरलं. "हात मोकळाच हाय की."

"कापूस घातल्यागत दिसतंय. जित्या माणसाला शोभत न्हाय," घरी आल्यावर मामी म्हणाल्या, पण पिशवी रिकामी केली.

तेव्हापासून मामा रोज दुपारी उंबऱ्यात बसत, पोवाड्याला सुरुवात करणाऱ्या शाहिरासारखा कानावर हात ठेवून. एखादा अनोळखी माणूस थांबून वाट बघे. मग मामा एक डोळा उघडत. "पावणं, गाणार न्हाय मी. जावा."

पुढे त्यांचा डावा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना. मला कळल्यावर मी उत्साहानं तो हूकवाला जोड विकत घेऊन गेलो. दार उघडंच होतं. मामा डोळे मिटून भिंतीला टेकलेले आणि शेजारी मामी, एका हातानं तांदूळ निवडताहेत, दुसऱ्या हाताच्या बोटानं मामांच्या कानात बोंडूक दाबून धरलंय.

"अवो, हात अवघडला माझा. झाली का न्हाय कुस्ती?"

"हुतीय की. जरा दाब."

मी आणलेला जोड पिशवीतून काढलाच नाही. चहा घेतला आणि निघालो.

मामा गेल्यावर, तेराव्याला, मामींनी ती पांढरी डबी माझ्या हातात ठेवली. "घिऊन जा. मला त्यातलं काय कळतंय?"

घरी येऊन मी डबीतला जोड कानात घातला. मी आयुष्यात कधी मातीत उतरलो नाही. माझे दोन्ही कान जन्मले तसे शाबूत आहेत. दोन्ही बोंडकं चपखल बसली. आवाज खरोखर स्वच्छ आहे. धरायला कुणी लागत नाही.