भाकरीच्या थापेवर जॅझ

आमच्या घराला जॅझची गोडी लागली ती माझ्यामुळं. हे मी आजही ठणकावून सांगते, आणि कुणाला बढाई वाटली तर खुशाल वाटू दे.

आमचे मालक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सोलापुरात एखादी वरात त्यांच्याशिवाय निघाली, तर लोक बँडवाल्यांना अडवून विचारायचे, "आज ते दिसत न्हाईत?" त्या वर्षी गिरणीच्या साहेबांच्या क्लबानं नाताळातल्या एका दुपारी नाचासाठी बँड सांगितला, आणि वाजवायचं म्हणे जॅझ. चाली कानावर पडाव्यात म्हणून क्लबानं एक फोनो आणि डझनभर तबकड्या दिल्या. बँडमास्तरांनी ते सगळं आमच्या घरी आणून ठेवलं आणि मालकांना बजावलं, "आठ दिवसांत बसवा. न्हाय जमलं तर पुण्याच्या कॅम्पातला एकजण यायला तयार हाय." त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला. एकदा दुसरा माणूस त्या जागी उभा राहिला, की लग्नसराईतही तोच राहणार होता.

मालकांनी सगळ्यात वरची तबकडी लावली. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा दणका सुरू झाला. "ह्यात सम कुटं हाय?" म्हणाले, आणि सुई उचलली. दुसरी लावली, तिसरी लावली, तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोनोवर धोतराचं फडकं टाकलं. "येऊ दे तो पुण्याचा. मी असलं वाजवणार न्हाय."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "वाईट हाय म्हणून येत न्हाय, का येत न्हाय म्हणून वाईट हाय, ते आधी ठरवा की." ते न जेवताच उठून गेले. मग मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. क्लॅरिनेट गेलं तर हा माणूस घरात नुसता कुढत बसणार, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं. मी फडकं काढलं, फोनोला चावी दिली आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसले. पहिल्या तबकडीवर माझा हात ढोलामागं असा पळाला, की भाकरी कडेनं फाटली. दुसरीत एक बाई इंग्रजीत गात होती. ती काय म्हणते म्हणून मी कान देत बसले आणि पीठ परातीला चिकटलं. अशा चार-पाच झाल्या. मग एक संथ तबकडी लागली, शब्द नसलेली. माझा हात आपोआप तिच्याबरोबर पडायला लागला. मागं ढोल एका चालीनं चाललेला, आणि वरनं क्लॅरिनेट दमानं, जरा उशिरानंच यायचं, पण यायचं अगदी जागेवर. त्यानं एक ओळ टाकली की बाकीचे ती उचलून धरायचे. माझं माहेर दुधनीचं. तिथं मठातल्या भजनात असंच चालायचं, एकजण ओळ उचलणार आणि बाकीचे झील धरणार. तिथं शब्द कानडी, इथं शब्दच नाहीत, एवढाच काय तो फरक. ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपली, पण मला काय हवं ते सापडलं होतं.

ती तबकडी मी बाजूला काढली. ज्यांच्यावर भाकरी फाटली नाही अशा आणखी दोन निवडल्या आणि बाकीच्या पेटीत घातल्या. नऊ वर्षं मी या माणसाला जेवू घालत होते. पहिल्याच घासाला तिखट लागलं की ताट सरकवायची त्यांची खोड मला माहीत होती.

दुपारी ते जेवायला बसले. मी तबकडी लावली आणि म्हणाले, "गाणं ऐकू नका. नुसतं माझ्या हाताकडं बघा."

तोंड फुगवूनच बघत होते. अर्धी तबकडी झाली आणि त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली.

"अगं, सम तर हाय की हितं."

"हायच. तुमीच आधी धावताय. तो मुद्दाम मागनं येतोय."

त्यांनी उष्ट्या हातानं सुई परत सुरुवातीला ठेवली. मी ओरडले, तर हसले. पाच वेळा ती तबकडी वाजली. माझं पीठ संपलं, तरी मी रिकाम्या परातीवर थापत राहिले. संध्याकाळी क्लॅरिनेट बाहेर निघालं. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःच पेटीतनं ती भांडी पाडणारी तबकडी काढली आणि म्हणाले, "लई वाईट न्हाय गं ही."

आठव्या दिवशी मास्तर सगळा बँड घेऊन अंगणात आले. मालकांनी वाजवलं. मी दाराआड उभी होते. मास्तरांनी विचारलं, "कुणाकडनं बसवून घेतलंत?" मला वाटलं, आता हे काहीतरी थाप मारतील. आणि मारली असती तर मला चाललं असतं असं मी म्हणणार नाही, अजिबात चाललं नसतं.

"बायकोनं बसवून घेतलं," ते म्हणाले.

कॉर्नेट वाजवणारा फिदीफिदी हसला. मालक त्याच्याकडं वळले. "हसतोस काय? तुला घावली का सम अजून?"

क्लबातला नाच झाला, मालकांची जागा राहिली. पुढच्या आठवड्यात मास्तर तबकड्यांची नवी पेटी काखेत घेऊन दारात उभे राहिले. नऊ वर्षांत बँडमधलं जे कुणी त्या दारात आलं, त्यानं मला एकच विचारलं होतं, मालक आहेत का. म्हणून मी सवयीनं म्हणाले, "ते भाईर गेल्यात."

"त्यांच्याकडं न्हाय, वैनी, तुमच्याकडंच आलोय," मास्तर म्हणाले. "आमच्या कॉर्नेटवाल्याला ह्यातली आधी कुठली ऐकवावी?"

मी पदराला हात पुसले आणि म्हणाले, "बसा. आधी सांगा, त्याला जेवायला काय आवडतं?"