मॅचिंगवाल्या काकूंचा डावा डोळा

रंगाकडे पाहताना काकू डावा डोळा मिटून घेत. ब्लाऊजपीसचे ठाण हातावर उलगडून त्या दुकानाच्या पायरीवर उतरत, गिऱ्हाइकाच्या साडीचा काठ त्याच्याशेजारी धरत, आणि मग डावी पापणी अलगद खाली येई. उजवा डोळा एकटाच त्या दोन रंगांच्या मधल्या फटीत शिरे. "ट्यूबलाइट खोटं बोलते, पोरी," त्या म्हणत, "उन्हात चल."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचे दुकान होते. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, शेजारच्या अत्तराच्या दुकानातून येणारा खसाचा दरवळ आणि कैचीचा तो लांबट, रेशमी आवाज. नोकरीसाठी या शहरात आले तेव्हा आईची एक जुनी इरकल घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "गुलाबी द्या." काकूंनी माझ्याकडे दयेने पाहिले. "गुलाबी पावडरीचा डबा असतो. हा कपाशीच्या फुलाचा दुसऱ्या दिवसाचा रंग हाय. पहिल्या दिवशी फूल पिवळट असतं, दुसऱ्या दिवशी लाजतं." त्या गंगापूरकडच्या, माहेरच्या कापसाच्या वावरातून त्यांनी रंगांची नावे आणली होती. मी कॉलेजात कविता शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला 'मास्तरीण' केले, आणि आमचे जमले ते जमलेच.

गिऱ्हाइकांशी त्या त्यांच्या त्यांच्या बोलीत भांडत. बुरख्यातली एखादी बाई म्हणे, "काकी, जरा हल्का बताओ ना." काकू ठाण मागे ओढत. "हल्का लेके पछताती क्या आपा? धूप में देखो, फिर बोलो." बायकोने पाठवलेला कुणी मोबाइल पुढे करी, तर त्याला सुनावत, "दादा, फोटोवरून रंग नाय मिळत. बायकोला पाठवा, नायतर साडीला." तो माणूस हसत परत जाई आणि संध्याकाळी दोघींनाही घेऊन येई.

रक्तदाबाची गोळी मात्र त्यांना आवडत नसे. सून सुनीता रोज पाण्याच्या पेल्याशेजारी ती ठेवी आणि काकू रोज ती विसरत. "गोळी खाल्ली की अंग जड होतं, रंग कळत नाय," हे त्यांचे कारण. ठेच्यावर वरून मीठ लागे, पेरूच्या फोडीवर तर मिठाचा थरच. डोके दुखले की कपाळाला सुंठ लावून पुन्हा गल्ल्यावर.

एका उन्हाळी दुपारी वावटळ आली आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात कचरा गेला. पदराने तो डोळा दाबून त्यांनी समोरच्या लाल ठाणाकडे पाहिले. मी बाकड्यावर बसले होते. "लाल कुठं गेला गं?" त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान होता, की मला तो आधी दुसऱ्याच कुणाचा वाटला. डाव्या डोळ्याला ठाणाच्या मधोमध एक मळकट डाग दिसत होता, आणि कडेने उरलेला लाल धुऊन धुऊन विटल्यासारखा. किती दिवसांपासून, हे सांगता येईना. आयुष्यभर ज्या डोळ्याला पाहताना रजा दिली, त्याची चौकशी कोण करणार? "मोत्या असंल. पिकू दे, मग काढू," असे म्हणत त्यांनी आणखी काही आठवडे घालवले. शेवटी मीच त्यांना स्कूटीवर बसवून जालना रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टर तरुण होत्या. थेंब घालून, आत पाहून, पडद्याचा फोटो काढून त्यांनी तो आमच्यासमोर ठेवला: नारिंगी गोल, आणि मध्यापासून कडांपर्यंत उधळलेले लाल फटकारे. "मोतीबिंदू नाही हा. डोळ्याच्या पडद्यावरचं रक्त परत नेणारी मोठी नस तुंबली आहे. रक्त मागे साचलं, पाझरलं, मध्यभागी सूज आली. बीपीच्या गोळ्या घेता का?"

काकूंनी शेवटचा प्रश्न ऐकलाच नाही. "म्हणजे पाटात गाळ बसला अन् पाणी वावरात शिरलं."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या.

काकूंनी सवयीने डावा डोळा मिटून फोटोकडे पाहिले. "हा लाल माझ्या दुकानात नाय," त्या म्हणाल्या, आणि मग माझा हात घट्ट धरला.

सूज उतरवायला थेट डोळ्यात इंजेक्शने घ्यायची होती. आधी बधिर करणारे थेंब, मग एक टोच, मग दिवसभर डोळ्यात रेती. पण दुसऱ्या इंजेक्शननंतर सूज ओसरली. काकू सगळ्यांना उजवा डोळा झाकून दाखवू लागल्या. "बघ मास्तरीण, तुझ्या साडीवर बुट्टी हाय. काल नव्हती!" डॉक्टरांनी बजावले होते, की दिसू लागले म्हणून थांबायचे नाही, नस अजून अडलेलीच आहे, दर महिन्याला यायचे.

मग लग्नसराई आली. मॅचिंगच्या दुकानात लग्नसराई म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल: नवरीची आई, मावश्या, करवल्या, प्रत्येकीच्या हातात साडी आणि प्रत्येकीला ती आजच हवी. सुनीता चिडली, मी समजावले, दवाखान्यातून फोन आले. "लग्नं थांबतात का? डोळा थांबंल महिनाभर," काकू म्हणाल्या. महिन्याचे तीन झाले.

चौथ्यात डोळा लालबुंद झाला. अर्धे डोके फुटू लागले, पोटात पाणी ठरेना. उपाशी राहिलेल्या पडद्याने आपल्यापुरत्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या होत्या. त्यांनी डोळ्याच्या आतल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बुजवली होती आणि आतला दाब चढला होता. इंजेक्शन, थेंब, लेझर, सगळे झाले. दाब उतरला, वेदना गेली. नजरही गेली.

त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही बराच वेळ बसून होतो. रस्त्यावरून वाळूजच्या कारखान्यांतल्या कामगारांची बस गेली. काकू म्हणाल्या, "रागावू नको. दारात आलेलं गिऱ्हाईक होतं ते. मी त्याला उद्या ये म्हणलं." मी त्यांच्या बांगड्यांवरून बोट फिरवत राहिले.

त्यानंतर गोळी पेल्याशेजारी राहिली नाही. ठेच्यावरचे मीठ गेले. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडू लागली, तेव्हा त्या आधी बोटाने कप शोधू लागल्या. आणि पन्नाशीपुढची बाई दुकानात आली की पहिले वाक्य ठरलेले: "साडी मग. आधी एक डोळा झाक. आता दुसरा. दोन्हीकडून सारखंच दिसतं का?" बायका हसत. "काकू, दुकान का दवाखाना?" एकजण मात्र हसता हसता थांबली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. तिचा डोळा वाचला. त्या आनंदात काकूंनी तिला अस्तर कापून दिले ते चुकीच्या रंगाचे, आणि ती बाईही काही बोलली नाही.

एका तपासणीला त्यांनी डॉक्टरांना विचारले, "मेल्यावर डोळे देतात म्हणं. माझा हा आंधळा घेतील का? का एकच देऊ?"

"पडद्याचं दान नसतं, काकू. बुबुळावरची पारदर्शक काच देतात. तुमची दोन्हीकडची स्वच्छ आहे."

"डावीकडची बी?"

"डावीकडची बी," डॉक्टर त्यांच्याच बोलीत म्हणाल्या. परतताना स्कूटीवर मागे बसलेल्या काकू कितीतरी वेळ आपल्याशीच हसत होत्या. त्यांचे हसू मला पाठीवर कळत होते.

गेल्या वैशाखात, भर दुपारी, त्यांचे हृदय थांबले. सुनीताने बोलावल्यावर मी पोहोचले तोवर तिने नेत्रपेढीला कळवले होते, बुबुळे सुकू नयेत म्हणून पंखा बंद केला होता, डोक्याखाली उशी सरकवली होती. मी पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या. खोली भट्टीसारखी तापली होती. गावाकडून आलेली काकूंची चुलतजाऊ कुरकुरली, "पंखा तरी लावा गं. अन् डोळे देतात का कुणी? पुढल्या जन्मी आंधळी जन्मंल ती." सुनीता घामाने निथळत कापूस भिजवत राहिली. "काकी, आंधळ्या डोळ्यानं त्यांनी या जन्मी राहून बघितलं. त्यांनी पंखा लावायचा नाय म्हणून सांगितलंय."

नेत्रपेढीची माणसे आली, बूट दाराशी काढून आत गेली, आणि थोड्याच वेळात बर्फाची लहान पेटी घेऊन निघाली.

गुलमंडीत मी अजून जाते. सुनीता चांगले ठाण काढते. पण तिथल्या रंगांना आता फक्त नावे आहेत. शेत, ऋतू, माहेर त्यांच्यातून निघून गेले आहे. साडीचा काठ हातात घेऊन मी उगीच उभी राहते, कुणी रागावेल या आशेने.

दोघांना दृष्टी मिळाली, एवढेच नेत्रपेढीने कळवले. नावे सांगत नाहीत. त्यांतल्या एकाला काकूंची डावीकडची काच मिळाली असेल. ती एका आंधळ्या डोळ्यावरची होती, हे त्याला कुणी सांगणार नाही. तो सकाळी उठत असेल, खिडकी उघडत असेल, आणि काकूंच्या त्या काचेतून ऊन सरळ आत जात असेल.