दोन काचांसाठी आगरदांड्यापर्यंत

रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर पोळ्यांचा स्टीलचा डबा होता आणि त्यात पोळ्या नव्हत्या. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली, मधोमध तडकलेली हेडलाइटची एक काच होती. शेजारच्या बाईंनी दोनदा डब्याकडे प्रेमाने पाहिलं. शेवटी मी झाकण उघडून दाखवलं, तर त्या उठून दुसऱ्या बाकावर गेल्या.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. मुंबईतल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी एकतीस वर्षं ड्रायव्हरची नोकरी केली. डॉक्टरांची गाडी विलायतेहून बोटीने आलेली, आणि वारण्याआधी ती त्यांनी आप्पांच्या नावावर करून दिली. तेव्हापासून ती आमच्या ठाण्याच्या सोसायटीत राहते. मोतीबिंदूनंतर आप्पांनी गाडी चालवणं सोडलं, म्हणून दर रविवारी ती मी चालवते आणि आप्पा शेजारी बसून माझ्या चुका काढतात. मी तीस वर्षं शाळेत मुलांच्या चुका काढल्या, त्याची ही परतफेड असावी.

इमारतीला रंग देताना परांचीचा बांबू सुटला आणि गाडीच्या दोन्ही डोळ्यांवर पडला. एका काचेचा चुरा झाला, दुसरी तडकली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी दहा दिवसांवर आली होती. काच उभट, अंड्याच्या आकाराची. मुंबईत चार बाजार पालथे घातले. परदेशातून मागवली तर तीन महिने लागतील म्हणाले. आमचा मेकॅनिक म्हणाला, पुढचा पत्रा कापून साध्या गोल काचा बसवू. आप्पा म्हणाले, "डोळे काढून बटणं लावतोस काय?" आणि ते जे गप्प झाले ते झालेच. गाडी पास झाली नाही तर ती मोडीत निघणार, हे आम्ही दोघंही जाणून होतो. आप्पा ओरडतात तेव्हा मी घाबरत नाही, गप्प बसतात तेव्हा घाबरते.

तेवढ्यात अलिबागच्या एका भंगारवाल्या शेठचा फोन नंबर मिळाला. असली गाडी आपण एकदा विकत घेतली होती, असं तो म्हणाला. एवढ्या धाग्यावर आम्ही निघालो.

मांडव्याहून अलिबागपर्यंत रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. परतीला घेऊ, असं म्हणत मी त्या मागे टाकल्या आणि मग विसरले. शेठचं दुकान म्हणजे पत्र्याचं आवार. त्याने डब्यातली काच उन्हात धरली.

"काका, ती गाडी आपण तोडली, त्याला झाली दहा-बारा वर्षं. पण पुढच्या काचा तिला नव्हत्याच," शेठ म्हणाला. "आगरदांड्याचे दाऊदभाई, आखातात जहाजावर होते. त्यांची गाडी."

आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "दाऊद? चष्मेवाला? कसा आहे?"

"ते तर गाडीच्या आधीच गेले."

आप्पा परत बसले. शेठने चहा मागवला आणि आठवून सांगितलं की रेवदंड्याला हिरामण नाखवांच्या बोटीवर असल्याच दोन काचा त्याने पाहिल्यात. बघून या, म्हणाला. माझ्याकडे मात्र तो असं बघत होता, की या बाईला घरी दुसरं काही काम नाही का.

बाहेर उभ्या असलेल्या रिक्षाच्या काचेवर छोटं अशोकचक्र चिकटवलेलं होतं. आप्पांनी "जयभीम" केला, रिक्षावाल्याने उलट "जयभीम" केला, आणि दिवसभराच्या भाड्याची घासाघीस मी करायच्या आत मिटली. त्याचं नाव संदेश. नारळी-पोफळींच्या सावलीतून रेवदंड्याकडे जाताना आप्पांनी दाऊदची गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी डॉक्टरांना घेऊन ते आगरदांड्याच्या जेटीवर गेले होते. समोर अगदी तशीच गाडी. दोघांनी दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडली आणि तासभर इंजिनं दाखवत बसले. दिघीला जाणारी डॉक्टरांची लाँच त्यात चुकली.

"डॉक्टर रागावले नाहीत?"

"रागावले. पण अशी गाडी चालवणारा दुसरा माणूस मला जन्मात तो एकच भेटला," आप्पा म्हणाले.

रेवदंड्याला बंदरावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही वाट काढली. हिरामण नाखवा (बोटीचा मालक आणि कप्तान) जाळं विणत बसले होते. बोट खाडीत किनाऱ्यालगत उभी होती आणि तिच्या केबिनवरच्या दिव्यांना खरोखरच दोन अंडाकृती काचा चमकत होत्या. मला इतका आनंद झाला की मी चिखलातच उडी मारली. चप्पल तिथेच राहिली.

"पैसं न्हाय घेनार," नाखवा म्हणाले. "बोटीवरली वस्तू आमी इकत न्हाय. आनि बोट पान्यान हाय तवर तिची जागा रिकामी बी ठेवत न्हाय. आधी त्या जागेला दुसरा दिवा लावाचा, पेटवून दाखवाचा, मंगच जुना काढाचा. आमच्या घरची रीत हाय."

मी बाजारात पळाले. हार्डवेअरच्या दुकानातून दोन एलईडी दिवे आणले. नाखवांनी ते बसवले, पेटवले, बोटीला हात लावून नमस्कार केला आणि मग जुन्या काचेचे स्क्रू सोडवून ती आप्पांच्या हातात दिली. आकार तोच. डब्यातल्या काचेवर ठेवून पाहिली, काठाला काठ जुळला. मी नाखवांचे आभार मानायला सुरुवातही केली होती.

आप्पांनी काचेच्या आतल्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग आमच्या तडकलेल्या काचेवरून फिरवला. मग काच नाखवांना परत दिली.

"ही उलटी आहे," आप्पा म्हणाले.

आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. म्हणून काचेतल्या रेघा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेला ढकलतात. आखातात गाड्या उजवीकडून चालतात, तिथल्या काचा उजेड उजवीकडे फेकतात. अशी काच आपल्या रस्त्यावर लावली तर उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आप्पा, तपासणीपुरत्या लावू. कोण एवढं बघतंय?" मला रडू येत होतं.

"समोरून येणारा बघतोय," आप्पा म्हणाले.

त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. गाडी वाचवणारी वस्तू त्यांनी स्वतःच्या हाताने परत केली होती. मला त्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला, पण खरं सांगायचं तर राग जास्त.

नाखवा मात्र जाळं बाजूला ठेवून उभे राहिले. "दाऊदभाय बी हेच बोल्ला व्हता! समोरच्याचे डोले दिपतात, म्हनून तर ह्या काचा त्यानं मना दिल्या. दर्यान काय, डावा-उजवा सारकाच. त्यानं मंग दुसऱ्या मागवल्या व्हत्या. त्याचे घरी जाऊन इचारा. रुकय्याभाबी हाय अजून."

नवे दिवे मी बोटीवरच ठेवले. नाखवांनी सोड्यांची (सुकवलेली सोललेली कोलंबी) पुडी माझ्या हातात कोंबली, माझी चप्पल चिखलातून काढून धुऊन दिली, आणि संदेशला आगरदांड्याचं घर नीट समजावून सांगितलं.

खाडीवरचा पूल ओलांडून मुरूडमार्गे आगरदांड्याला पोहोचायला दुपार टळून गेली. वाटेत समुद्र सारखा डोकावत होता आणि आप्पांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

रुकय्याबींचं घर जेटीच्या वरच्या अंगाला. पंचाहत्तरीच्या असाव्यात. आम्ही कोण, कशासाठी आलो हे विचारायच्या आधी त्यांनी पाणी आणि सांदणं (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) पुढे ठेवली. मी काचेचं सांगितलं. त्यांचा चेहरा जरा बंद झाला.

"मरहूमांच्या वस्तू मी कुणाला देत न्हाय, बाय," त्या म्हणाल्या. "भंगारवाल्याला गाडी दिली ती पोरांनी. मी दोन दिवस जेवले न्हाय."

आप्पांनी मान हलवली. काच मागितलीच नाही. ते जेटीवरची ती दुपार सांगू लागले. दाऊदने स्वतःच्या रुमालाने आमच्या गाडीचा प्लग कसा पुसला. लाँच सुटल्यावर डॉक्टरांची समजूत घालायला शहाळी कशी आणली. आणि गाडीचा हॉर्न वाजवून म्हणाला, ऐका, आमची बेगम मला जेवायला हाक मारते ना, ती ह्याच सुरात!

रुकय्याबी हसल्या. हसता हसता ओढणीचा पदर डोळ्यांना लावला. "असं बोलले? परक्या माणसाला?" मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, "भाय, ते गेल्यापासून लोक त्याच चार गोष्टी सांगतात. मेल्या माणसाबद्दल नवं कोण सांगतं हो? तुम्ही आज सांगितलंत."

त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरातून येताना दोन्ही हातांत दोन काचा होत्या. कैरीच्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून ठेवलेल्या, तेलाने माखलेल्या. "गाडी न्यायच्या आधी मीच काढून घेतल्या," त्या म्हणाल्या. आप्पांनी सदऱ्याच्या टोकाने एक पुसली, रेघांवरून अंगठा फिरवला आणि नुसती मान डोलावली.

पैशाचं मी विचारलं तेव्हा रुकय्याबी रागावल्या. "एक काम करा," त्या म्हणाल्या. "पास झाली की इकडं घेऊन या. मना एकदा बसायचंय."

काचा घरी चिंचेने घासल्या, तरी पहिले दोन दिवस गाडीच्या नाकाशी लोणच्याचा वास येत होता. आप्पांनी त्या स्वतः बसवल्या, मला स्क्रूड्रायव्हर धरायचीही परवानगी नव्हती. तपासणीच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी दिवे लावायला सांगितले, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ओरिजनल काचा? कुठे मिळाल्या?" आप्पा म्हणाले, "माणसांकडे." साहेबांनी सही केली.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी रो-रोवर चढवली आणि थेट आगरदांडा गाठलं. रुकय्याबी नवी ओढणी घेऊन तयार होत्या. पुढच्या सीटवर बसल्या, दरवाजाच्या आतल्या कातड्यावर हात ठेवला आणि जेटीपर्यंत तो उचलला नाही. जेटीवर मी हॉर्न वाजवला. त्या इतक्या हसल्या की लाँचची वाट बघणारे लोकही हसायला लागले. परत सोडताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "सुजाता, सावकाश जा."

या दोन काचांसाठी किती जणांनी मला मदत केली हे मी वाटेत मनाशी आठवत होते. शेठ, संदेश, नाखवा, रुकय्याबी, आणि डोळे दिपतात म्हणून काचा बदलणारा, मी कधीच न पाहिलेला एक माणूस. आम्ही कोण कुठले, हे कुणी धड विचारलंही नव्हतं. माझं मन भरून आलं होतं.

चौलच्या पुढे दिवस मावळला. मी दिवे लावले. उजेड डावीकडे पडला, मैलाच्या दगडावर, कुंपणाच्या निवडुंगावर. समोरून एस.टी. आली आणि शांतपणे बाजूने निघून गेली.

"पाहिलंत, आप्पा? त्याचे डोळे दिपले नाहीत."

वळून पाहिलं, तर आप्पा झोपले होते. हनुवटी छातीवर, दोन्ही हात मांडीवर मोकळे. आयुष्यभर दुसऱ्यांना मागच्या सीटवर झोपवून घरी पोहोचवणाऱ्या या माणसाला गाडीत झोपलेलं मी कधीही पाहिलं नव्हतं.

मांडव्याची शेवटची बोट चुकली तर चुकू दे, म्हटलं, आणि मी गाडीचा वेग कमी केला.