पंख्यातलं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. खंडेनवमीला कोयता, खुरपं आणि फवारणीच्या पंपाशेजारी मी लेकीचा लॅपटॉपही पूजेला मांडला. ती घरी नव्हती. हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं.

तेव्हापासून तो अधूनमधून हँग व्हायचा. "सारखे पिक्चर बघतीस, दुसरं काय व्हणार?" मी तिलाच बोलायचो. नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या सकाळी तर तो चालूच होईना. चार्जर बदलला, बटण दाबून धरलं. दिवासुद्धा लागला नाही. मोटारसायकलवर आम्ही लोहाऱ्यातलं दुरुस्तीचं दुकान गाठलं.

लेक बाहेर फोनवर वेळ वाढवून मागत होती. आत दुकानदारानं लॅपटॉप खोलला. पंख्यात भिजलेलं कुंकू वाळून घट्ट बसलं होतं.

"काका, ह्याचं लगीन लावलं व्हय?"

"तिला धूळ होती म्हणून सांगा," मी हळूच म्हणालो.

मुलाखत हुकली. ती आत आली, दुकानदाराकडून धुळीचं कारण ऐकून माझ्याकडं वळली. "चुकलं अप्पा. म्याच नीट जपलं न्हाय."

मी नुसती मान डोलावली. माफी मी तिची मागायला हवी होती. ती अजून मागायची आहे.