गफूरभाईंनी भरून ठेवलेली बाटली

गफूरभाई गेले हे मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही उमरीकडं पाण्याचे नमुने आणायला गेलेल्या एका विद्यार्थ्याकडून. सर, ते हातपंपवाले चाचा वारले म्हणे, असं त्यानं सहज सांगितलं. मी नुसतं हं म्हणालो. त्याला काय सांगणार होतो?

गफूरभाई हातपंप दुरुस्त करायचे. आसपासच्या गावांत कुठल्या बोरला किती खोल पाणी, हे त्यांना तोंडपाठ. मी नांदेडला भूजल शिकवायचो आणि समस्थानिकांवरून पाण्याचं मूळ शोधायचो. गोष्ट तशी सोपी आहे. पाण्यात हलका अंश असतो तसा जड अंशही असतो. उघड्यावर ऊन खाल्लं की हलका आधी उडतो, जड मागं राहतो, आणि ती खूण पाणी जमिनीत मुरलं तरी पुसली जात नाही. म्हणून नमुना घ्यायचा तो भरपूर उपसा करून, थेट बोरचा, बाटली काठोकाठ भरून. हे मी त्यांना एकदाच शिकवलं. पुढं तेच माझ्या विद्यार्थ्यांना रागवायला लागले, बाटलीत हवा राहिली, पुन्हा भरा म्हणून. दर महिन्याला एस.टी.नं बाटल्या घेऊन यायचे, आणि आग्रह केल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

मग त्यांच्याच गावातल्या एका बोरचं पाणी जड निघालं. इतक्या खोलचं पाणी उन्हात बसलं कधी? माझा स्वभाव तापट, उचलली जीभ लावली टाळ्याला. गावात गेलो आणि भर चौकात, माणसांसमोर म्हणालो की तुम्ही उपशाचा कंटाळा केला आणि हौदातलं पाणी भरून आणलं.

"बोरचंच हाय, सर," ते म्हणाले. "मी कशाला खोटं बोलू?"

मी ऐकलं नाही, काम काढून घेतलं. गावानंही नांदेडच्या सरांचंच खरं धरलं. पोरं त्यांना हौदवाले चाचा म्हणायला लागली, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच बोरवर मी स्वतः उपसा करून बाटली भरली. तेच उत्तर! वरच्या अंगाला पाझर तलाव होता, लांब म्हणून मी तो धरलाच नव्हता. ऊन खाल्लेलं त्याचं पाणी खडकाच्या भेगांतून सरळ या बोरला येत होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच. त्यावर लेख लिहिला, शाबासकी घेतली... आणि गफूरभाईंकडं जायचं टाळलं. आज जाऊ, उद्या जाऊ. खरं सांगायचं तर तोंड नव्हतं. आजही लिहिताना लाज वाटते.

परवा शेवटी त्यांच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेलो आणि सगळं सांगितलं. त्या आत गेल्या आणि कपाटातून एक बाटली घेऊन आल्या. आमच्याच प्रयोगशाळेची. भाभींनी सांगितलं, मी बोलून गेलो त्याच दुपारी गफूरभाईंनी शेजारच्या दोघांना बोरवर नेलं, त्यांच्यासमोर ही भरली आणि चिकटपट्टीवर त्यांच्या सह्या घेतल्या. सर येतील, तपासतील, म्हणून इतकी वर्षं जपली. मी म्हणालो, आता तपासायची गरज नाही भाभी, ते खरंच बोलत होते.

"आम्हाला ठावं हाय ते," भाभी म्हणाल्या. "गावाला सांगा. चौकात बोलला होता न्हवं तुम्ही?"

मी हो म्हणालो. बाटली मांडीवर घेऊन गाडीत बसलो. चौक वाटेतच होता, माणसंही बसलेली होती. ड्रायव्हरला थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.